मेमरी येईपर्यंत लग्नं मुलतवी

प्रगतीची पहिली पायरी म्हणजे चालू असलेलं काम बंद पाडणं. ज्याला हे उमगत नाही तो बिचारा आयुष्यभर नुसतं काम करत राहतो, आणि त्याच्या नावावर साधी एक योजनासुद्धा लागत नाही. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाला ही गोष्ट १९९४ सालच्या दसऱ्याला उमगली. त्या दिवशी मंडळाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर आला, त्याला झेंडूचा हार घातला गेला, आणि पुढची जवळजवळ अडीच वर्षं मंडळाच्या वधू-वर सूचक केंद्रातून एकही लग्न जुळलं नाही. एखाद्याला ही नामुष्की वाटेल. मंडळाच्या वार्षिक अहवालात मात्र ती ‘आधुनिकीकरण’ या मथळ्याखाली छापलेली आहे आणि तिला दीड पान दिलेलं आहे.

तोवर केंद्र कसं चालायचं ते सांगितलं तर आजच्या सुशिक्षित माणसाला कसंसंच होईल. एक लोखंडी कपाट, त्यात तीनशे बारा फॉर्म, आणि कपाटाशेजारी कुसुमताई उमरीकर. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी दुपारी त्या येऊन बसत. कुणाची तरी आई यायची, चहा व्हायचा, ताई दोन प्रश्न विचारायच्या, जरा वेळ पंख्याकडे बघायच्या, आणि कपाटातून एकच फॉर्म काढून त्या बाईच्या हातात ठेवायच्या. वर्षाकाठी पंधरा-सोळा लग्नं व्हायची. मंडळाने या पद्धतीचा अभ्यास केला तेव्हा तिच्यात तीन गंभीर दोष आढळले. पहिला, ताई लेकीकडे पुण्याला गेल्या की केंद्र बंद. दुसरा, अमक्याला तमकीच का, हे ताईंना लेखी देता येत नसे. तिसरा सगळ्यांत मोठा: जुळवलेली लग्नं टिकत होती, त्यामुळे सुधारणेला वावच राहिला नव्हता.

शिवाय दिवस बदलले होते. नामपल्लीच्या स्टेशनात रेल्वेचं तिकीट कॉम्प्युटर देत होता. विद्यानगरचा ज्योतिषी पत्रिका कॉम्प्युटरवर काढत होता (भविष्य पूर्वीचंच, पण कागदाच्या दोन्ही कडांना भोकं). अमीरपेठेत पानाच्या ठेल्यावरसुद्धा कॉम्प्युटर क्लासची पत्रकं मिळत होती. देश खुला झाला होता, आणि अशा वेळी मराठी पोरापोरींची लग्नं एका बाईने पंख्याकडे बघून जुळवावीत हे काही बरं दिसत नव्हतं. तेव्हा तिघांची एक संगणक उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष हिम्मतराव बिलोलीकर, वय एकाहत्तर, निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात चिकटलेले आणि नायब तहसीलदार होऊन सुटलेले. सदस्य कुसुमताई, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती. आणि सचिव श्रीकांत देगलूरकर.

श्रीकांतबद्दल जरा सांगायला हवं, कारण या सगळ्या भानगडीत ज्याचं खरोखर काही जायचं होतं असा तो एकटाच. वय बत्तीस, विम्याच्या कचेरीत क्लार्क, बरकतपुऱ्यात आईबरोबर राहणारा. अमीरपेठेत सहा महिन्यांचा कोर्स केलेला, म्हणून मंडळात त्याला कॉम्प्युटरमधला जाणकार समजत. माणूस सरळ, पण नियमाचा इतका की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला सायकल धरून उभा राहायचा. कपाटातला फॉर्म क्रमांक १८७ त्याचाच होता. आणि फॉर्म क्रमांक २४१ पल्लवी जिंतूरकरचा होता. मंडळाच्या गणपतीत ती लाउडस्पीकरवाल्याशी अस्सल दखनीत भांडत असताना त्याने तिला पाहिलं होतं, आणि ती त्याला आवडली होती. आवडली म्हणजे काय, पार आवडली होती. घरी येऊन आईला त्याने हे सांगितलं नाही, कारण अशा गोष्टी केंद्रामार्फत याव्यात असं त्याचं मत होतं.

आता कॉम्प्युटरकडे वळू. तो उत्तम होता. त्याच्यावर दोन्ही पत्रिकांचे गुण जुळवून देणारा प्रोग्रॅम टाकायचा होता, तोही उत्तम होता. अडचण एवढीच की प्रोग्रॅमला आठ एमबी मेमरी लागत होती आणि कॉम्प्युटरमध्ये चार होती. सिकंदराबादच्या एका कंपनीला ऑर्डर दिली गेली. कंपनीने आठवडाभराचा वायदा केला. मग प्रश्न आला की या आठवड्यात केंद्राने करायचं काय.

इथे हिम्मतरावांचा चाळीस वर्षांचा अनुभव कामी आला. गावची जमीन मोजणीला घेतली की मोजणी संपेपर्यंत फेरफार घेत नाहीत, हे त्यांनी समजावून सांगितलं. मोजणी चालू आणि तिकडे खरेदी-विक्रीही चालू, असं झालं तर नकाशात जमीन एकाची आणि शेतात नांगर दुसऱ्याचा. “तसंच हे,” ते म्हणाले. “आज कागदावरून पोरीचं लग्न लावलं, उद्या मेमरी आली, तर कॉम्प्युटरच्या लेखी पोरगी कुंवारीच. मग पुढची जबाबदारी कुणाची?” हा मुद्दा बिनतोड होता. लग्नं चालू राहिली असती तर माहिती चुकली असती, आणि माहिती बरोबर राहायची तर लग्नं थांबायला हवी होती. श्रीकांतने तिथल्या तिथे ठराव लिहिला: मेमरी येऊन सर्व फॉर्म संगणकात जाईपर्यंत कोणत्याही उमेदवाराचा विवाह जुळवू नये, तसेच फॉर्ममधील कोणत्याही मजकुरात बदल करू नये. हिम्मतरावांनी खाली ‘तूर्त मुलतवी’ असा शेरा मारला, कपाटाला लाखेचं सील लावलं, आणि तीनशे बारा मराठी संसार चार एमबीसाठी थांबले.

लोक चिडतील असं वाटलं होतं. कुणीही चिडलं नाही. उलट एका महिन्यात सत्तावीस नवे फॉर्म आले. कॉम्प्युटरने जुळवलेलं लग्न हैदराबादच्या मराठी समाजात तोवर एकही झालं नव्हतं, आणि पहिलं आपल्या घरी व्हावं असं प्रत्येकाला वाटत होतं. विद्यानगरच्या एका गृहस्थांनी नांदेडचं डॉक्टर स्थळ दारातून परत पाठवलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, पण बिनकॉम्प्युटरचं होतं.

आठवड्याचा महिना झाला. श्रीकांतने कंपनीला स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. तिसऱ्या पत्रात त्याने जरा कडक भाषा वापरली, आणि या साऱ्या प्रकरणात त्याच्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक तीच. त्याने लिहिलं की, आपल्या प्रतिनिधीने दर शनिवारी दुपारी चार वाजता उपसमितीसमोर समक्ष हजर राहून मेमरीची सद्यःस्थिती सांगावी व वहीत सही करावी. कंपनीला मेमरी पाठवणं अवघड जात होतं, माणूस पाठवणं सोपं होतं. पुढच्या शनिवारी पावणेचारलाच स्कूटरवरून विवेक मुधोळकर हजर झाला. मुधोळकडच्या शेतकरी घरातला, वय एकोणतीस, डोक्याला तेल, तोंडावर कायम हसू.

“हौ साब, निघाली आहे मद्रासहून. परेशान होऊ नका,” तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

त्या वहीत पुढे शंभरावर सह्या झाल्या. अभ्यासूंसाठी आकडेवारी देतो. मेमरी मद्रासच्या बंदरात अडकली: एकवीस वेळा. सिंगापूरहून निघाली: सतरा. निघून परत गेली: तीन. कस्टमवाल्यांनी ठेवून घेतली: अकरा. संप, आंदोलन, सणवार: तेवीस. आली, पण उघडल्यावर प्रिंटरची फीत निघाली: एक. सिंगापूरला पाऊस: दोन. बाकी सगळ्या शनिवारी कारणाच्या रकान्यात नुसतं ‘येते आहे’ असं लिहिलेलं आहे, आणि त्याखालची सही तेवढीच टापटीप आहे.

शनिवारी पल्लवीही यायची. विद्यानगरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची, शनिवारी अर्धा दिवस, आणि ‘फॉर्मचं काय झालं ते विचारून ये’ म्हणून वडील तिला पाठवायचे. व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्यावर चौकशीला आलेली मंडळी बसत आणि आतून निरोप येण्याची वाट बघत. आत श्रीकांत काम करत असे. काम म्हणजे तो वहीत रेघा आखायचा, स्मरणपत्रं लिहायचा, आणि दाराच्या फटीतून पल्लवीचा पदर दिसतो का बघायचा. शनिवार हा त्याचा सणाचा दिवस झाला होता. इस्त्रीचा शर्ट तो शनिवारसाठी राखून ठेवायचा.

आता मेमरी नाही म्हणून उपसमितीने हातावर हात ठेवून बसायचं की काय? तेव्हा ठरलं की मेमरी येईतो ऑपरेटिंग सिस्टिम कोणती टाकायची ते पक्कं करून ठेवू. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, असं हिम्मतरावांनी विचारलं. श्रीकांत म्हणाला, ती आत बसून सगळा कारभार बघते, कुणाला कुठे ठेवायचं ते तीच ठरवते, आणि तिच्या मर्जीशिवाय घरात काही हलत नाही.

“म्हणजे सून,” हिम्मतराव म्हणाले.

मग पुढचं सोपं गेलं. सून बघण्यात तिघांचाही हात धरणारं कुणी नव्हतं. केंद्राचा जुना छापील तक्ता होताच, त्यातच गुण द्यायचं ठरलं: रूप वीस, स्वभाव वीस, घराणं पंधरा, घरकाम पंचवीस, वडीलधाऱ्यांशी वागणूक वीस. अमीरपेठेतल्या क्लासवाल्यांना निरोप गेले आणि बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. क्लासवाले इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं ठेवत. उपसमिती ओळीने बसे. हिम्मतराव आधी नाव विचारत, मग पूर्वी कुठे होती ते विचारत, आणि मग म्हणत, “जरा चालवून दाखवा.”

पहिली काळ्या पडद्याची होती. नुसती गप्प. आपण बोलल्याशिवाय बोलायची नाही, आणि आपल्या बोलण्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर सरळ ‘चुकलं’ म्हणायची. रूप दोन, वागणूक शून्य. (घरकामाला मात्र वाघ होती, पण हिम्मतरावांच्या मते ते कुणी बघत नसतं.) दुसरी खिडक्यांची. ती दिसायला गोड, आणि काहीही पुसायला सांगितलं की आधी ‘नक्की ना?’ असं विचारायची. कुसुमताईंना हे भारी आवडलं. विचारल्याशिवाय काही टाकून देत नाही, म्हणजे चांगल्या घरची आहे असं त्या म्हणाल्या. एकूण एकाहत्तर गुण. जवळजवळ होकारच गेला होता, पण क्लासवाल्याने निघता निघता सांगितलं की हिची धाकटी बहीण येते आहे, हिच्यापेक्षा कितीतरी देखणी. असं कळल्यावर कुठलं घर थोरलीला हो म्हणेल? आणखी एक पुढच्या वर्षी आली, पक्ष्याच्या चित्राची. तिचा जन्मदाता म्हणून जगभरातली हजारेक माणसं नावं सांगत होती आणि ती फुकट मिळत होती. हिम्मतराव चहा तसाच टाकून उठले.

प्रत्येक नव्या पसंतीला एक बारीकशी किंमत होती. नवी सिस्टिम म्हटली की आठ एमबी पुरत नव्हती. विवेक अदबीने सांगायचा, “सोळा लागेल साब. आठची ऑर्डर रद्द करू, सोळाची टाकू. नंबर तेवढा शेवटचा लागतो.” श्रीकांत टाकायला सांगायचा. पल्लवीने एकदा बाकावरूनच विचारलं की मेमरी तर आता सिकंदराबादेत दुकानात मिळते, शाळेने परवा आणली, मग आपण का नाही आणत? श्रीकांतने तिला समजावलं की आपली रीतसर ऑर्डर गेलेली आहे. दुकानातून आणली तर ऑर्डरचं काय करायचं? विवेकने जोरजोरात मान हलवली.

धाकट्या बहिणीचं दर्शन १९९६ च्या जानेवारीत, नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनात, झालं. एका विक्रेत्याने स्टॉल टाकला होता आणि बघायला दोन तासांची रांग होती. हिम्मतरावांचे गुडघे धरले म्हणून ते आणि ताई चहाच्या टपरीवर बसले. श्रीकांत रांगेत. वडिलांनी ‘बघून ये’ म्हटलं म्हणून पल्लवीही आली होती. आणि शनिवार असल्यामुळे चार वाजता गर्दीतून वाट काढत विवेकही पोचला, कारण ‘उपसमिती जिथे असेल तिथे समक्ष’ अशी दुरुस्ती श्रीकांतनेच मागच्या महिन्यात केली होती.

“नाही आली,” विवेक म्हणाला. श्रीकांतने रांगेतच वही काढून सही घेतली.

“तिकडे मिरची भजी आहेत,” पल्लवी म्हणाली. “चला ना श्रीकांत. रांग काय पळून जाते का?”

श्रीकांतला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याचा एक पाय रांगेच्या बाहेर पडलासुद्धा. पण त्याच्यापुढे आता साठच माणसं उरली होती. “नंबर जाईल,” तो म्हणाला. “तुम्ही दोघं या जाऊन. मी आहे इथे.”

ती दोघं गेली. भजी झाली, मोठा पाळणा झाला, बांगड्यांची दुकानं झाली. श्रीकांतला नव्या सिस्टिमसमोर बरोबर चार मिनिटं मिळाली. निळं आभाळ होतं, त्यात पांढरे ढग होते, आणि डावीकडे खाली ‘इथून सुरू करा’ अशा अर्थाचं एक बटण होतं. त्याला गलबलून आलं. या आभाळाखाली आपला आणि तिचा फॉर्म एकाच पडद्यावर शेजारी शेजारी येतील, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. पल्लवी परत आली तेव्हा तिचा आवाज हसून हसून बसला होता. “कशी होती?” तिने विचारलं.

“स्वभावाला चांगली वाटली,” श्रीकांत म्हणाला. गुण ब्याऐंशी पडले.

त्यानंतर तरी काम मार्गी लागायला हरकत नव्हती. पण नवी वस्तू आल्याआल्या घेऊ नये, तिच्यातल्या खोडी निघू द्याव्यात, सुधारलेली आवृत्ती येऊ द्यावी, असं श्रीकांतनेच एका मासिकात वाचून उपसमितीला सांगितलं. हिम्मतरावांना हे पटलं. त्यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या वेळी ही काळजी घेतली नव्हती आणि ते अजून निस्तरत होते.

दरम्यान बाकावर वेगळंच चाललं होतं. फॉर्म कपाटात बंद आणि फॉर्मवाले दर शनिवारी एका बाकावर, म्हणजे काय व्हायचं ते झालं. सात लग्नं परस्पर जुळली. ही लग्नं केंद्राच्या दृष्टीने झालेलीच नव्हती. श्रीकांतने त्यांची ‘अनधिकृत’ अशी वेगळी यादी केली आणि बाकाच्या वर सूचना लावली: दोन उमेदवारांमध्ये एका माणसाचे अंतर ठेवावे. लोक अंतर ठेवू लागले. त्या अंतरात शेंगांची पुडी ठेवत.

कुसुमताई हे सगळं पंख्याखाली बसून बघत होत्या. श्रावणातल्या एका शनिवारी त्यांनी श्रीकांतला दार लोटून घ्यायला सांगितलं.

“श्रीकांता, किल्ली माझ्याकडे आहे. सील मी फोडते. दोन फॉर्म काढायचे, पाच मिनिटांचं काम. हिम्मतरावांना मी बघून घेते.”

“कुठले दोन?” श्रीकांतने विचारलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“मी गणिताची बाई आहे रे. मला विचारतोस?”

श्रीकांतने त्या लाखेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, “ताई, ठराव मी लिहिलाय. मीच मोडला तर कपाटातल्या बाकीच्या तीनशे दहा जणांना काय सांगू?”

“त्यांतले चौदा नांदायला लागले,” ताई म्हणाल्या. “एकीला दिवस गेलेत.”

“ते अनधिकृत आहे,” श्रीकांत म्हणाला. ताईंनी त्याला चहा दिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पल्लवीने काढला. दिवाळी उलटून गेली होती. ती बाकावरून उठून सरळ आत आली आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली. “त्या कपाटात माझं जे काय लिहिलंय ते मी तोंडी सांगितलं तर चालेल का? जन्म निजामाबादचा. शिक्षण बीएस्सी, बीएड. स्वयंपाक येतो, पण रोज नक्को. अपेक्षेच्या रकान्यात वडिलांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. माझी अपेक्षा एवढीच की ज्याला मी बरी वाटते त्याने तसं सांगावं.”

श्रीकांतने हातातलं पेन खाली ठेवलं. सांगायचं तर एकच वाक्य होतं आणि गेली दोन वर्षं ते तोंडपाठ होतं. पण बारा वर्षं विम्याच्या कचेरीत काढलेल्या माणसाची जीभ त्याच्या एकट्याची राहत नाही. “तोंडी माहिती ग्राह्य धरता येत नाही,” तो म्हणाला. आपल्याच तोंडून हे ऐकून तो घाबरला आणि घाईघाईने पुढे म्हणाला, “फक्त दोन महिने, पल्लवी. सुधारलेली आवृत्ती येतेय. मग सगळं रीतसर होईल.”

“हौ,” पल्लवी म्हणाली. ती उठली आणि बाहेर गेली. बाहेर विवेक सही करायला थांबला होता.

संक्रांतीच्या शनिवारी ती तिळगूळ घेऊन आली आणि त्याबरोबर साखरपुड्याचं आमंत्रण. “विवेकनी विचारलं,” तिने सांगितलं. तिचा आवाज रागाचा नव्हता. “मी विचार केला, शंभर शनिवार एक माणूस ऊन-पाऊस न बघता वेळेवर येतो आणि येऊन नुसतं ‘नाही आली’ एवढंच सांगतो. लोक चांगली बातमी असली तरी येत नाहीत. तुम्ही या हं नक्की.” श्रीकांतने तिळगूळ खाल्ला, अभिनंदन केलं, आणि अनधिकृतांच्या यादीत आठवा क्रमांक घातला. अक्षर नेहमीसारखंच आलं. घरी गेल्यावर मात्र आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं, त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस.

साखरपुड्याच्या पुढच्या शनिवारी मेमरी आली. विवेकने ती शर्टाच्या खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, प्लास्टिकच्या पाकिटात. पाकिटावर माल पोचल्याची तारीख होती, २३ मार्च १९९६. म्हणजे दहा महिने झाले होते. श्रीकांतने तारीख वाचली, विवेककडे बघितलं, परत तारीख वाचली.

“मद्रासची गाडी लेट होती साब,” विवेक म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. “मेमरी दिली असती तर शनिवार संपले असते.”

काही माणसं अशा वेळी खुर्ची फेकून मारतात. श्रीकांतने पोच लिहून दिली. त्याला हेही कळत होतं की या माणसाने एका मुलीसाठी सगळी कंपनी आणि सगळं मंडळ दहा महिने खोटं बोलून थांबवून धरलं होतं, आणि आपण त्याच मुलीसाठी एक सील फोडलं नव्हतं.

बाकीचं काम चोख झालं. मेमरी बसली, ब्याऐंशी गुणांची सिस्टिम बसली, सहा आठवड्यांत सगळे फॉर्म आत गेले. ठरावाप्रमाणे त्यांतल्या एकाही मजकुरात फेरफार केला नव्हता. उद्घाटनाला मंडळाचे चाळीसेक सभासद जमले. पहिला मान सचिवाचा, असं हिम्मतराव म्हणाले, आणि श्रीकांतने स्वतःचा क्रमांक टाकला. कॉम्प्युटरने चार सेकंद घेतले. पडद्यावर एकच नाव आलं: पल्लवी जिंतूरकर, छत्तीसपैकी एकतीस गुण, अविवाहित.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिम्मतरावांचे डोळे भरून आले. इतकं अचूक यंत्र त्यांनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं. पल्लवीचं लग्न पंधरा दिवसांपूर्वीच काचीगुड्याच्या हॉलमध्ये झालं आहे आणि इथल्या निम्म्या मंडळींनी तिथे जिलेबी खाल्ली आहे, या गोष्टीचा यंत्राच्या अचूकतेशी काही संबंध नव्हता. तो कागद छापून अहवालाच्या मुखपृष्ठावर घेण्याचा ठराव झाला. तो लिहायला श्रीकांतलाच सांगितलं. त्याने लिहिला.

दुसऱ्या शनिवारी तो तीनशे स्थळांचे कागद काढून टेबलाशी बसला. आज जो येईल त्याच्या हातात कागद द्यायचा, काही विचारायचं नाही, थांबायला सांगायचं नाही, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. अकरा पालक आले. अकराही जणांनी कागद हातात घेऊन बघितला, छान आहे म्हणाले, घडी घालून परत दिला. आणि सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं: ऐकलंय की पुढच्या वर्षी आणखी नवी येते आहे. एवढे दिवस थांबलो, आता तिच्यावरच बघू.

श्रीकांतने त्यांना विनवलं. त्याला त्यांची काळजी वाटत होती, अगदी खरी. पण सगळे नुसते हसले, कुणी त्याचं ऐकलं नाही, आणि तुम्हीही आत्तापर्यंत हसतच आला आहात. त्याबद्दल तक्रार नाही. मंडळाला एवढीच माहिती हवी आहे की हे वाचायला घेताना तुम्ही कुणाला ‘एवढं झालं की आलोच’ असं म्हणाला होतात. नाव कळवायची गरज नाही. ते माणूस अजून तिथे आहे का, ते मात्र आधी बघून या.